वाताच्या नावाखाली

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की वाशीम जिल्ह्यातील गावोगावच्या मजूर स्त्रिया झुंजुमुंजू होताच शेताच्या वाटेला लागतात. अशा वेळी एखादी मागे राहते. पहाटे तिच्या हाताची मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, पाण्याची कळशी उचलवत नाही. तास-दीड तासाने बोटे जरा सैल होतात, तोवर टोळी निघून गेलेली असते आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. घरचे म्हणतात, वाताचे दुखणे आहे, वयाबरोबर यायचेच. तिचे वय असते पस्तीस!

'वात' या दोन अक्षरांत आपल्या समाजाने जितकी दुखणी कोंबली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही शब्दात क्वचितच असतील. म्हाताऱ्या माणसाचे झिजलेले गुडघेही वातच, चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी सांध्यांची कळही वातच, आणि ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच उलटून स्वतःच्या सांध्यांवर चालून जाते, तो आमवातही वातच. यांतील शेवटचा आजार वेगळा आणि अधिक निर्दय आहे. तो प्रायः कर्त्या वयात येतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने गाठतो, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज आणतो आणि दुर्लक्ष झाले तर बोटे कायमची वाकडी करून ठेवतो. आपल्या प्राचीन वैद्यकातील 'माधवनिदाना'त आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. त्या ग्रंथातील आमवात आणि आजचा ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस तंतोतंत एकच, असे म्हणण्याचे धाडस करू नये. परंतु सारी सांधेदुखी एकाच पोत्यात भरू नये, एवढा विवेक त्या ग्रंथकाराला निश्चित होता. तो आपण गमावला आहे.

हे दुखणे विरळा आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत साधारणतः दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात असल्याचे आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती. त्यांतील आठ लाख प्रौढ धरले आणि भिगवणचेच प्रमाण येथे लावले, तर ही संख्या चार हजारांवर जाते. हा केवळ अंदाज आहे, हे मान्य. पण ही माणसे आज कोणत्या नोंदवहीत आहेत?

दैवदुर्विलास असा की, या रोगावर उपाय नाहीत अशी स्थिती आता राहिलेली नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेले रोगी चालू लागले. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तो आनंद लवकरच ओसरला, कारण स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, हे ध्यानी आले. जगाने तो धडा घेतला, आपल्या आठवडी बाजाराने घेतला नाही. 'हमखास गुण' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा हेच स्टिरॉइड असते. दुखणे दोन दिवसांत थांबते, विक्रेत्याची कीर्ती पसरते आणि सांधा आतून पोखरला जातच राहतो.

खरा उपचार संथ आहे. परंतु तो महाग नाही. मेथोट्रेक्झेट हे त्यातील प्रमुख औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. सोबत फॉलिक अॅसिड लागते, ठरावीक काळाने रक्त आणि यकृताची तपासणी लागते, आणि गर्भारपणात ते वर्ज्य आहे. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे पुष्कळ अंशी वाचतात; वाकलेले बोट मात्र कोणतेही औषध सरळ करीत नाही. म्हणूनच येथे वेळेला मोल आहे. आणि नेमका वेळच आपण दवंडीच्या औषधांत, अंगारे-धुपाऱ्यांत आणि 'बघू पुढच्या महिन्यात' यात दवडतो.

या आजाराशी आयुष्यभर संसार करावा लागतो. बरे वाटले म्हणून गोळी सोडली की तो पुन्हा उसळतो. पण तपासणीसाठी रिसोड वा मानोऱ्याच्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. विशेषज्ञासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे तर अनेकांच्या कल्पनेबाहेरचे. रक्तदाब आणि मधुमेह यांच्यासाठी शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आमवात त्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांची यादी केली, तीतही त्याचे नाव नाही. बोटे वाकडी होऊन चलनवलन खुंटले, तरच प्रमाणपत्राचा विचार! २०१८ मध्ये वाशीमची गणना आकांक्षित जिल्ह्यांत झाली. तेथील मोजमापात माता, बालके आणि क्षयरोग यांना स्थान मिळाले, ते योग्यच झाले. परंतु ज्या हातांवर त्या बालकांचे पोट चालते, ते हात कोणी मोजावयाचे?

कुपोषण आणि रक्तक्षय यांपुढे सांधेदुखीचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर हेच की, भूमिहीन कुटुंबाचे भांडवल म्हणजे दोन हात. ते निकामी झाले की कुपोषण त्याच घरात शिरते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचेही होते. या संस्थेने आठवड्यातील एक वार सांध्यांच्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. आमवाताची औषधे आणि रक्ततपासणी तालुक्याच्या रुग्णालयांतच मिळण्याची व्यवस्था व्हावी. आणि आशा कार्यकर्तीने घरोघर तीनच प्रश्न विचारावेत: सकाळी हात अर्ध्या तासाहून अधिक आखडतात काय, बोटांच्या सांध्यांना सूज आहे काय, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले आहे काय? याला नवी इमारत लागत नाही. कुटुंबानेही जड कामाचा वाटा उचलावा, गोळीचा वार लक्षात ठेवावा आणि निनावी पुडीला उंबऱ्याबाहेर ठेवावे.

पुढच्या सोंगणीला अजून अवकाश आहे. त्या पहाटे आणखी किती मुठी वळणार नाहीत, हे बहुतांशी आज आपण काय करतो, यावर ठरणार आहे.