'दारू पीत असेल' हे निदान नव्हे!

वस्तीतल्या माणसाच्या यकृताला सूज आली की 'दारू पीत असेल' म्हणून हात झटकले जातात. हे निदान नव्हे, जातीय पूर्वग्रह आहे. एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी असेल तर थेंबभरही न पिणाऱ्याचे यकृत झपाट्याने खराब होऊ शकते. दोन्ही विषाणू दूषित सुईतून पसरतात. आणि दवाखान्याचा कचरा उचलताना सुई कोणाच्या हाताला टोचते, हे जळगाव-धुळ्यात आम्हाला ठाऊक आहे.

हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, एचआयव्ही असला तरीही. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. २०१७ चा एचआयव्ही कायदा उपचारातल्या भेदभावाला मनाई करतो. तरुणांनो, सोबत मागणाऱ्याबरोबर एआरटी केंद्रात जा आणि विचारा, 'सी'ची तपासणी केली का? आम्ही दया मागत नाही, हक्क मागतो.

जय भीम!