नोंदवहींत मुलीची वाट कोठें आहे?

१८४८ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यास भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढिली, तेव्हां सनातनी मंडळींनीं रस्ता धरिला. सावित्रीबाई शाळेंत जावयास निघाल्या कीं अंगावर शेण, चिखल व खडे येत. म्हणून त्या दुसरें लुगडें बरोबर नेत असत, असें सांगतात. वाट बंद पाडली म्हणजे शाळा आपोआप बंद पडते, ही गोष्ट विरोधकांना पक्की ठाऊक होती. आजच्या सरकारी माहितीखात्याला मात्र ती अजून उमगलेली दिसत नाहीं.

शाळांची माहिती भरण्याचा केवढा कारखाना हल्लीं चालू आहे! राज्याचें ‘सरल’ २०१५ सालीं आलें. केंद्राचें ‘यूडायस’ त्याच्या आधींपासून होतें, तें २०१८-१९ पासून ‘यूडायस प्लस’ झालें. दर शाळेस अकरा अंकी क्रमांक आहे, आणि २०२२-२३ पासून एकेका मुलाची निराळी नोंद होते. खोल्या किती, कुंपण आहे काय, मुलींचें शौचालय वेगळें व चालू आहे काय, हें सारें विचारतात. (रेंज मिळावी म्हणून मास्तर टेकाडावर जाऊन बसतो, त्याचा रकाना नाहीं.) आम्ही या मोजणीच्या विरुद्ध नाहीं. मुलींच्या शौचालयाचा रकाना नसता तर तें किती गांवीं बांधलें गेलें असतें, याची आम्हांस शंकाच आहे.

पण ही नोंदवही फाटकाशीं येऊन थांबते. घर शाळेपासून किती दूर, एवढें फार तर लिहितां येईल. तें अंतर मुलगी कसें तोडते हें कोण विचारतो? डिंगोऱ्याहून माळशेजच्या बाजूस चालूं लागावें, म्हणजे वाड्या विरळ होत जातात. खालीं कल्याण-नगर रस्त्यावर जड मोटारी सुसाट जातात. कडेला डोक्याहून उंच ऊस, आणि जुन्नरच्या उसांत बिबट्या राहतो हें लहान पोरासही ठाऊक आहे. पावसाळ्यांत ओढा चढतो. फाट्यावर दिवा नसतो, आणि पानटपरीपाशीं रिकामटेकडे बसलेले असतात. मुलीला एसटीचा पास फुकट आहे, बायांना मार्च २०२३ पासून अर्धें तिकीट आहे, हें चांगलेंच झालें. परंतु शाळा सुटल्यावर गाडी दीड तासानें येत असेल, तर तो दीड तास मुलीनें कोठें उभें राहावें?

आई हा सगळा हिशेब मनांत करिते आणि एके दिवशीं म्हणते, “पुरे झाली शाळा.” पुढें लग्नाची घाई होते. नोंदवहींत एवढेंच उमटतें कीं, मुलगी गळाली.

आणि याच आंकड्यांवरून शाळेचें मरण ठरतें. विसांहून कमी पटाच्या शाळांची माहिती सरकारनें २०२२ सालीं मागविली. अशा साडेचौदा हजारांहून अधिक निघाल्या. २०२३ सालीं पानशेत व तोरणमाळ यांचे दाखले देऊन ‘समूह शाळां’ची योजना पुढें आली. वाडीवरची शाळा मोडून मुलें मोठ्या शाळेंत न्यावींत, हें कागदावर स्वस्त पडतें. पण चार कोस लांबलेली वाट मुलीच्या पायांवर पडते, ती कोणत्या जमाखर्चांत धरली? रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडिलें होतें. काटकसरीची पाळी आली कीं अजूनही पहिला हात वाडीवरच घातला जातो.

शहरांत जाणाऱ्या लेकींची गत निराळी नाहीं. २५ फेब्रुवारी २०२५ रोजीं पुण्यांत स्वारगेट स्थानकांत, उभ्या असलेल्या शिवशाही गाडींत, पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाला. मग तपासणीचे हुकूम सुटले. बदलापुरास २०२४ सालीं शाळेंतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हांही असेंच झालें. दर शाळेंत ‘सखी सावित्री समिती’ असावी हा ठराव त्याआधीं, २०२२ सालींच, झालेला होता! समिती आहे काय, तर आहे. फलक आहे काय, तर आहे. समिती शेवटची कधीं बसली, हें विचारावें म्हणजे मास्तर व पाटील एकमेकांकडे पाहतात.

टोरांटो शहरांत १९८९ सालीं बायांनीं स्वतः रस्ते पाहून अंधार कोठें, आडोसा कोठें, हांक मारल्यास ऐकूं कोठवर जाईल, हें टिपण्याची रीत बसविली. पुढें ती दिल्लीपर्यंत आली. तिला पदवी लागत नाहीं. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या बाया असाव्यात असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडाही तिनेंच करावयाचा. तेव्हां मायबहिणींनो, सह्या करून घरीं येऊं नका. एक दिवस सकाळीं व एक दिवस शाळा सुटतेवेळीं, मुलींना बरोबर घेऊन घरापासून शाळेपर्यंत व फाट्यापर्यंत चाला. भीति कोठें वाटते हें मुलींनाच विचारा. आपण सांगूं नका. दिवा, साकव, उसाची कड, गाडीची वेळ, छेड काढणारांची जागा, असें मास्तराकडून कागदावर उतरून घ्या. ग्रामसभेपूर्वीं महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. तींत तो कागद वाचावा व ठराव करून घ्यावा. दिव्याचें काम ग्रामपंचायतीचें, गाडीचें नारायणगांव आगाराचें, टवाळखोरांचें ओतूरच्या पोलिसांचें. तिघांना तीन प्रती द्याव्या, चौथी आराखड्यास जोडावी, आणि पोंच घेतल्याशिवाय परत येऊं नये.