पाणलोटाचे काम आणि ते करणारे हात

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर दरवर्षी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मागच्या डोंगरात तो याहून कितीतरी अधिक असतो. तरीही होळी उलटली की याच टापूतील आदिवासी वाड्यांवर स्त्रियांना ओढ्यातले डवरे उपसत बसावे लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीवर भाषणे पुष्कळ झाली. ती दूर करण्यासाठी उतारावर उभी राहून दगड रचणारी माणसे मात्र कोणाच्या खिजगणतीत नाहीत. लहान लहान स्वयंसेवी संस्थांतून पाणलोट क्षेत्र विकासाचे काम करणारे कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबर राबणारे मजूर यांना समाज कधीमधी शाल-श्रीफळ देतो. कामगार म्हणून त्यांची नोंद कोठेच होत नाही. या वर्गाकडे समाजवादी चळवळीने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार आता लांबणीवर टाकणे इष्ट नाही.

या कामाचे स्वरूप प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. 'माथा ते पायथा' हे पाणलोट विकासाचे सर्वमान्य सूत्र आहे. रायगडात हा पायथा खाडीला जाऊन मिळतो. आंबा, पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री या नद्यांचा प्रवास थोडका असून उतार तीव्र आहे. घाटमाथ्याखाली कातकरी आणि ठाकूर, मधल्या पट्ट्यात भातशेती करणारा शेतकरी, खारजमिनीवर आगरी आणि खाडीच्या तोंडाशी कोळी, अशी या नद्यांकाठची वस्ती. डोंगर उघडा झाला की माती वाहून येते, ओढे आटतात, खाडी गाळाने भरते आणि त्याचा फटका अखेरीस कोळ्याच्या जाळ्यालाही बसतो. निसर्गाने एकत्र बांधलेली ही साखळी शासनाने खात्याखात्यांत वाटून टाकली आहे. डोंगर वनखात्याकडे, शेत कृषिखात्याकडे, धरण पाटबंधारे खात्याकडे आणि समुद्राकाठचे बांध खारभूमी विकास यंत्रणेकडे. माथ्यापासून खाडीपर्यंत पायी हिंडणारा आणि या सर्वांचे दुःख एकत्र पाहणारा माणूस बहुधा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ताच असतो.

त्याच्या ज्ञानाचे मोल कमी लेखता येणार नाही. पाणलोटाच्या बहुतेक योजना देशावरील पाचसहाशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशासाठी आखल्या गेल्या. सलग समतल चर ही तेथे संजीवनी आहे. कोकणातील उभ्या उतारावर तोच चर खोदून भुसभुशीत मातीत वारेमाप पाणी मुरवले, तर दरड सैल होण्याचा धोका संभवतो. २०२१ साली महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या दुर्घटनांनंतर तरी उताराशी खेळ करताना दहा वेळा विचार करणे भाग आहे. येथे झरे राखणे, माथ्यावरची झाडोऱ्याची चादर टिकवणे, घळींत अनगड दगडांचे बांध घालणे आणि पावसाळा सरता सरता ओढ्यांवर मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे उभे करणे, हीच कामे हिताची ठरतात. कोणत्या घळीत काय करावे हे पुस्तकात सापडत नाही. ते त्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला ठाऊक असते, आणि त्याच्याशी बोलण्याची चिकाटी असलेल्या कार्यकर्त्याला ते कळते.

परंतु ज्या हंगामात हे काम व्हायचे, त्याच हंगामात वाडी ओस पडते. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा, पण उचलीचा दोर तुटलेला नाही. ओढ्यात धार असताना बंधारा घालावा तर घालणारे हात परजिल्ह्यात, आणि हात परत येतात तेव्हा ओढ्यात धार नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हे त्याचे ब्रीद होते. ते काम दिवाळीपूर्वी मंजूर होऊन आठवड्याच्या आठवड्याला मजुरी हातात पडली, तर कित्येक कुटुंबांना भट्टीची वाट धरावी लागणार नाही. पाण्याचा आणि वेठबिगारीचा प्रश्न येथे एकच आहे. शिवाय ज्या दळी जमिनी आदिवासी पिढ्यान् पिढ्या कसत आले, त्यांच्यावरील हक्क २००६ च्या वनाधिकार कायद्यानंतरही अनेकांना झगडून मिळवावा लागला. ज्याला उद्या हुसकावले जाण्याची भीती आहे, त्याने उतारावर बांध कोणाच्या भरवशावर घालावा?

संस्थेच्या कार्यकर्त्याची स्थितीही फारशी निराळी नाही. केंद्राच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाणलोटाच्या कामात स्वयंसेवी संस्थांना मोठा वाव दिला. त्यातून काही उत्तम कामे उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याबरोबर शासनाने आपली कायमची जबाबदारी मुदतबंद प्रकल्पाच्या स्वरूपात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली. प्रकल्प चार-पाच वर्षांचा, नेमणूक तेवढ्यापुरतीच, आणि वेतनाला नाव 'मानधन'. मुदत संपली की अहवाल छापला जातो, फलक उभा राहतो आणि गाव ओळखणारा कार्यकर्ता दुसऱ्या जिल्ह्यात काम शोधू लागतो. पुढच्या दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. तो उपसण्यासाठी ना निधी असतो, ना माणूस. सेवाभाव हा वेतन बुडवण्याचा परवाना नव्हे, एवढी साधी गोष्ट देणगीदारांना आणि संस्थाचालकांनाही सांगण्याची पाळी आली आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून या क्षेत्रात नवे धनी आले आहेत. जे कारखाने नदीचे पाणी उचलतात, तेच वरच्या अंगाला बंधारे बांधून देणार आणि त्यांवर आपले नाव कोरणार. पैसा घेऊ नये असे म्हणण्याचा हा हेतू नाही. मात्र त्या पैशाने पाण्याच्या वाटपाचा प्रश्न मुका होणार असेल, तर तो सौदा महागाचा आहे.

कारण या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न प्रथमपासून हक्काचा प्रश्न आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी माणसाच्या पाण्यावरील हक्काची घोषणा केली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी ज्या धरणाविरुद्ध लढले, त्याचे पाणी भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. मावळातल्या शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत त्या प्रवाहात मिसळलेली आहे. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे गेले आणि लाभक्षेत्रातील अनेक शिवारे कालव्याची वाट पाहत राहिली. त्याच लाभक्षेत्रातील २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी मतदान केले, तेव्हा 'धरण आमच्या शेतीसाठी बांधले, मग जमीन कंपनीला का' हाच त्यांचा सवाल होता. पाणी अडवणे आणि पाणी कोणाचे हे ठरवणे, ही दोन्ही कामे एकाच लढ्याची अंगे आहेत.

चळवळीतील काही मित्र संस्थात्मक कामाकडे संशयाने पाहतात. संस्थांनी लढ्याची धार बोथट केली, अनुदानाच्या ओझ्याखाली कार्यकर्ते मुके झाले, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु केवळ मोर्च्याने ओढ्यात पाणी थांबत नाही, हेही तितकेच खरे आहे. विधायक काम आणि संघर्ष यांची फारकत समाजवादी परंपरेने कधी मान्य केलेली नाही. पनवेल तालुक्यातील तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटरने दवाखाना, शाळा आणि ग्रामोद्योग उभे केले, त्यामागे डॉ. जी. जी. पारीख यांच्यासारख्या स्वातंत्र्यसैनिकाचे आयुष्य होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरावा, भूमिहीनालाही तो मिळावा, आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये, हे त्याचे नियम होते. एका बांधाच्या कामातून समतेचा केवढा विचार उभा राहू शकतो, याचा तो पुरावा आहे.

अलिबाग-पेणच्या खारपट्टीत तर याहून जुना धडा आहे. समुद्राचे पाणी रोखणारे बांध शेतकरी सामूहिक श्रमाने राखत आणि त्या व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. खांड गेली की प्रत्येक घराने माणूस पाठवायचा, उघाडीची देखरेख सर्वांनी करायची. बांधांचा भार सरकारी यंत्रणेकडे गेला, जोळ मोडली आणि कित्येक खारी पिकाच्या जमिनीच्या पुन्हा चिखल झाल्या. जेथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरीच्या कुळांनी जमीन पडीक ठेवून खोतशाहीशी झुंज दिली, त्या मुलखात सामूहिक शिस्त नवी शिकवण्याची गरज नाही. तिला पुन्हा बळ देणे पुरे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पाणलोटाच्या प्रत्येक प्रकल्पात मुदतीनंतरच्या देखभालीची तरतूद हवी, आणि ती रक्कम ग्रामसभेच्या हाती हवी. संस्थांतील कार्यकर्त्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघात विमा मिळाला पाहिजे. बंधाऱ्यांची व खारबांधांची दुरुस्ती हे रोजगार हमीचे काम मानून ते कातकरी घर सोडण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. साठलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा लेखी ठरला पाहिजे. संस्थांनीही आपले जमाखर्च आणि नकाशे गावासमोर उघडे ठेवावेत. जी संस्था मजुराला हिशेब दाखवीत नाही, तिने लोकसहभागाची भाषा बोलू नये.

यातील पहिले पाऊल शासनाची वाट पाहत थांबलेले नाही. यंदा भात खळ्यावर आले की पक्षाच्या तालुका शाखांनी आपल्या भागातील वाड्यांची आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांची एकत्र बैठक बोलवावी, कामाच्या मागणीचे अर्ज भरून घ्यावेत आणि पोचपावती घेतल्याशिवाय तहसील कचेरीतून परतू नये. भट्टीचा मुकादम उचल घेऊन वाडीवर येण्याआधी कार्यकर्ता तेथे पोचला पाहिजे.