खेळांचा संगणक : दोन हंगामांची खरेदी



गेवराई-माजलगावकडचे पालक हल्ली बियाण्याबरोबर आणखी एक सल्ला विचारतात : मुलगा सुटे भाग आणून खेळांचा संगणक घरीच जोडीन म्हणतो, कापसाच्या पट्टीतून पैसे द्यावेत काय?

द्यावेत, पण दोन हंगामांत. ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत महाग भाग. तो यंदा नको. २०२१ साली निघालेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरात चित्रांची सोय आतच आहे. हलके खेळ त्यावर चालतात. ही सोय रॅममधूनच जागा उसनी घेते, म्हणून १६ जीबीची एक रॅम न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. एका बैलापेक्षा जोडी बरी ओढते. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा व रॅम डीडीआर४ च हवी, नाहीतर बसायचीच नाही.

काटकसर करू नये ती पॉवर सप्लायमध्ये. पंप सुरू झाले की आपल्याकडे विजेचा दाब कसा पडतो, ते सांगायला नको. हलका सप्लाय जळताना इतर भागही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घ्यावा. पुढे मध्यम कार्डालाही तोच पुरेल. घराचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे. रंगीत दिव्यांची पेटी म्हणजे पोळ्याची झूल, तिने ओढ वाढत नाही!

बिल प्रत्येक भागाचे नावानिशी घ्यावे. हमी भागागणिक वेगळी असते.