खापर कोणाच्या माथी?

चोर ओळखता यावा म्हणून मालकानेच भाडेकरूचे दार फोडावे, तसा हा प्रकार. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने आपल्याच लोकांना ई-मेल धाडला : आवारात इबोलाचा रुग्ण! फसव्या दुव्यावर कोण बोट ठेवतो, एवढेच पाहायचे होते. घबराट झाल्यावर माफी आली. तीही ई-मेलनेच असावी! त्याच विद्यापीठाच्या सान डिएगो येथील आरोग्यसेवेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने असे खोटे ई-मेल सोडले गेले. प्रशिक्षितांच्या चुकांचे प्रमाण इतरांपेक्षा अवघे १.७ टक्के कमी भरले. मग हा खटाटोप कशासाठी? संगणकव्यवस्था भक्कम करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची. ती झटकून कारकुनाच्या बोटावर खापर फोडता यावे, यासाठीच. कर्मचारी संघटनांनी अशा परीक्षांना साफ नकार द्यावा.