मुक्त प्रणाली, पण किल्ली कोणाकडे?

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीच्या ईमेल व अन्य सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त पुढे करून बंद केल्या. भारत सरकारने असे कोणतेही निर्बंध लादलेले नव्हते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. (नायरामध्ये रशियन भांडवलाचा मोठा वाटा आहे, तिच्याविषयी कळवळा बाळगण्याचे काहीच कारण नाही.)

यावरून अनेक साथी निष्कर्ष काढतात की, लिनक्स स्वीकारले की प्रश्न मिटला. ही समजूत भाबडी आहे. लिनक्सच्या सेंटओएस या आवृत्तीचे काय झाले? आयबीएमने २०१९ साली रेड हॅट ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये, २०२९ पर्यंत चालणार अशी ग्वाही असलेली सेंटओएस ८ ही आवृत्ती २०२१ अखेर बंद होणार असल्याचे जाहीर झाले. परवान्यातील एका शब्दाचाही भंग झाला नाही! ज्यांना आपले सर्व्हर स्वतः हलविता येत होते त्यांनी अल्मा, रॉकी वा डेबियनकडे मुक्काम हलविला. बाकीचे कंत्राटदाराच्या दारात उभे राहिले. परवाना हक्क देतो. तो बजावण्याची कुवत देत नाही.

"हे तंत्रज्ञांचे काम, कार्यकर्त्याने राजकारण करावे," हा युक्तिवाद तर निव्वळ पळवाट आहे. चळवळीने स्वतःचे छापखाने चालविले तेव्हा खिळे जुळविणे राजकारणाबाहेरचे मानले गेले नाही. केरळात २००१ साली शालेय संगणक शिक्षणाची योजना सुरू झाली. शिक्षक संघटनांनी मायक्रोसॉफ्टकेंद्रित पाठ्यक्रमाला विरोध केला आणि पुढे मुक्त प्रणाली आली. ती टिकली याचे कारण, हजारो सामान्य शिक्षकांना ती हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले.

मग शिकायचे काय? प्रथम अधिकारव्यवस्था. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक व एक गट असतो, आणि उरलेले सगळे तिसरे. वाचणे, लिहिणे व चालविणे हे हक्क या तिघांना निरनिराळे दिले जातात. काम अडले की फाइलीला ‘७७७’ देऊन मोकळे व्हायचे, ही नवशिक्यांची आवडती खोड. त्यामुळे यंत्रावरील कोणत्याही वापरकर्त्याला सभासदांची यादी वाचता येते आणि बदलताही येते. याला खुलेपणा म्हणणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून औदार्याचा आव आणणे होय. ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते रोजच्या कामासाठी नसते; ‘सुडो’ने आज्ञा दिली तर कोणी, केव्हा, काय केले याची नोंद राहते, आणि जबाबदारी ठरविता येते. एखादा जुना संगणक व डेबियन एवढ्यावर हा अभ्यास सुरू होतो.

आज कित्येक युनियन कचेऱ्यांत पासवर्ड एकाच उत्साही तरुणाला ठाऊक असतो. तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की वर्गणीच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. किमान तिघांना स्वतंत्र खाती व सुडोचा अधिकार हवा. नोंदींची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. तीही दर वेळी वेगळ्या साथीने.