वस्तरा चकचकीत करू नका



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली की आजेसासऱ्यांचा वस्तरा हाती लागतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, धारवाल्याकडून चकचकीत करून आणा, शोकेसमध्ये ठेवू. माझ्या मते दुसराच पक्ष जास्त नुकसान करतो. भंगारातला वस्तरा एखाद्या जाणत्याच्या हाती लागू तरी शकतो. चाकावर घासलेला कायमचा गेला.

वस्तऱ्याची ओळख असते पात्याच्या बुडाशी, मुठीच्या खिळ्याजवळच्या बोटभर जागेत. तिथे कारागिराचं नाव आणि गाव ठोकलेलं असतं, बहुतेक वेळा इंग्लंडचं शेफील्ड नाहीतर जर्मनीचं सोलिंगेन. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ दिसले तर काळ व्हिक्टोरिया राणीचा, १८३७ ते १९०१. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं देशाचं नाव असेल तर वस्तरा बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या साली अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. (नाव नसलं म्हणून तो जुनाच असं मात्र नाही.) जर्मन माल आपल्या गावाच्या नावाने खपवला जातो, ही शेफील्डवाल्यांची जुनी तक्रार. तिच्यातूनच १८८७ चा ब्रिटिश कायदा आला. पुढे १९३८ मध्ये ‘सोलिंगेन’ या नावालाही जर्मनीत कायद्याचं संरक्षण मिळालं. ज्या चार अक्षरांसाठी एवढं भांडण झालं, ती आपण हौसेने पैसे मोजून पुसून आणतो!

शिवाय पात्याची धारेकडची बाजू कागदासारखी पातळ. फिरत्या चाकावर ती क्षणात तापते, निळसर पडते आणि पोलादाचा कडकपणा जातो. वर सोनेरी अक्षरं असतील तर तीही पुसली जातात.

आता मूठ. इथे आपला धर्म मध्ये येतोच, कारण जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या असत. ओळखायला गरम सुई टोचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. अजिबात टोचू नका. मूठ सेल्युलॉइडची असली तर भडकन पेट घेईल. तिला बोटाने जोरात चोळा, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात.

हस्तिदंत निघालं की काही जणी म्हणतील, पाप घरात नको, विकून टाका. ही कसली अहिंसा? विकणारा आणि घेणारा आहे तोवर दाताला भाव आहे, आणि भाव आहे तोवर हत्ती मारला जातो. आपल्याकडे तो व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेच्या हस्तिदंतालाही बंदी झाली. त्यामुळे वनविभागाला विचारल्याशिवाय अशी वस्तू कुणाच्या हाती देऊ नका. आणि तुटलेली मूठ बदलायची असेल, तर ‘असली शिंगाचीच शोभते’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शिसवीची करा, अ‍ॅक्रिलिकची करा. एका शोभेच्या वस्तूसाठी नवं शिंग आपल्या पैशाने विकत घ्यायचं काही कारण नाही.

मग करायचं काय? फार थोडं. वस्तरा उघडा, पातं सपाट फळीवर टेका. गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ सुती कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, उलट कधीच नाही. तांब्याच्या कलशाला चिंच चालते, पोलादाला चिंच-लिंबू लावलं तर डाग पडतात. लाल गंज गेला पाहिजे, काळपट छटा राहू द्या. पात्याला तडा असेल तर तसाच ठेवा. धार लावायची नाही, तेव्हा चामड्याच्या पट्ट्याचीही गरज नाही.

शेवटी तेलाचा पातळ हात देऊन सुती कापडात गुंडाळा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर बंद डबीत कोंडू नका. ते सडायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वायूने पातंही गंजतं.